अनुदान आटलं, तरी वाचनालय चालवता येतं

सांबरा, कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी. बेळगावच्या आसपासच्या या गावांत हिवाळा आला की मराठी साहित्य संमेलनांचे मांडव पडतात. ग्रंथदिंडी निघते, पाहुणे येतात, पंगती उठतात, कविसंमेलन संपेपर्यंत लोक बसून राहतात. सगळा खर्च गावच्या वर्गणीतून भागतो. पण त्याच गावात वाचनालयाचं वीजबिल भरायला पैसे नाहीत, ही तक्रार बारा महिने चालू असते. देणारं गाव आहे, मांडव उभा करणारी पोरं आहेत. मग अडतं कुठं? संमेलनासाठी किती लागतात, कशाला लागतात आणि कोण मागायला येणार, हे गावाला ठाऊक असतं. वाचनालयाबद्दल यातलं काहीच ठाऊक नसतं. हा लेख त्यावरच आहे.

वाचनालय नेमकं कुणाचं?

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातल्या गावात दोन तऱ्हेची वाचनालयं दिसतात आणि दोन्हींचे पैशाचे रस्ते वेगळे आहेत.

पहिलं ग्रामपंचायतीचं. कर्नाटकातली ग्रामपंचायत ग्रंथालयं आधी सार्वजनिक ग्रंथालय खात्याकडे होती. २०१९ साली ती ग्रामविकास व पंचायतराज खात्याकडे आली. आता त्यांच्या पाटीवर ‘अरिवु केंद्र’ असं नाव दिसतं. इथं लोकांनी मागायचं ते दान नव्हे, हक्क.

दुसरं गावकऱ्यांनी काढलेलं मराठी वाचनालय. ते एखाद्या मंडळाचं किंवा संस्थेचं असतं. जागा कधी देवळाच्या ओवरीत, कधी जुन्या तालमीच्या माडीवर. याची अडचण मोठी आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, पण तो कायदा राज्याच्या हद्दीपाशी थांबतो. कर्नाटकच्या कायद्याचा भर सरकारी ग्रंथालयांवर. मधल्या मध्ये आपलं वाचनालय.

पलीकडे सगळं आलबेल आहे असंही समजू नका. महाराष्ट्रात अनुदान वाढायला दहा वर्षं गेली. २०२२ साली ६० टक्के वाढ झाली तेव्हा कुठं चालकांनी सुस्कारा सोडला. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला, तरी त्या भागातली वाचनालयंही आज वर्गणीदार आणि देणगीदार यांच्या बळावर तग धरून आहेत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. तेव्हा ग्रंथालय कायद्याचं अनुदान नव्हतं. तरी ते उभं राहिलं आणि टिकलं. तेव्हा अनुदान हा वरचा आधार धरावा आणि पाया सभासदांचा ठेवावा. पुढचं सगळं याच हिशेबानं लिहिलं आहे.

घरपट्टीच्या पावतीवरचे सहा टक्के

पंचायतीच्या ग्रंथालयापासून सुरुवात करू, कारण त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत. घरातली घरपट्टीची पावती काढा. कानडी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बसवा. मूळ कराखाली आरोग्य, शिक्षण, ग्रंथालय आणि भिकारी निवारण असे चार उपकर दिसतील. त्यातला ग्रंथालय कर सहा टक्के. घरपट्टी हजार रुपये असेल तर साठ रुपये वाचनालयाचे. १९६५ च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं हा कर ठरवून दिला आहे आणि तो ग्रंथालयासाठीच वापरायचा असतो.

कर गोळा होतो, पण तो ग्रंथालयाच्या खात्यापर्यंत पोचतोच असं नाही. बंगळूरमध्ये महापालिकेकडे या कराचे कोट्यवधी रुपये थकल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं आल्या आहेत. गावपातळीवर हे पाहणं सोपं आहे, कारण आकडे लहान आणि माणसं ओळखीची. करायचं एवढंच:

१. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी अर्ज द्या. मागच्या तीन वर्षांत ग्रंथालय कर किती जमा झाला, त्यातला ग्रंथालयावर किती खर्च झाला आणि शिल्लक किती, हे तीनच प्रश्न विचारा. अर्ज कानडीत असला की टेबलावरून लवकर हलतो. सोबत मराठी प्रत जोडा. आपल्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

२. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. एका अर्जात एकच विषय, मजकूर थोडका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

३. आकडा हाती आला की ग्रामसभेत विषय मांडा. ‘वाचनालयाकडे लक्ष द्या’ असं म्हणून काही होत नाही. ‘शिल्लक रकमेतून मराठी व कानडी पुस्तकं, दोन पंखे आणि संध्याकाळी सहा ते आठ ग्रंथालय उघडं’ असा ठराव लिहून न्या, सूचक आणि अनुमोदक ठरवून न्या. ठराव वहीत उतरला की नाही, ते तिथंच पाहा.

४. मुलांची नावं नोंदवा. २०२० साली ‘ओदुव बेळकु’ या मोहिमेत ग्रामपंचायत ग्रंथालयांत ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत सभासद करून घेतलं गेलं. मराठी शाळेतली मुलं सभासदांच्या यादीत दिसली, तर मराठी पुस्तकांची मागणी कुणाला टाळता येत नाही.

हे सगळं भांडणाच्या सुरात नको. तिथला पर्यवेक्षक तुटपुंज्या मानधनावर काम करतो आणि कर अडकल्याचा फटका पहिल्यांदा त्यालाच बसतो. त्याला आपल्या बाजूला घ्या.

खर्चाचा एक कागद

आता गावच्या वाचनालयाकडे. ‘वाचनालय अडचणीत आहे, मदत करा’ या वाक्यावर कुणी खिशात हात घालत नाही. किती कमी पडतात, ते सांगता आलं पाहिजे. पुढचे आकडे नमुन्यादाखल आहेत, आपले आपण भरावेत.

महिन्याचा खर्च: वीज ६००, चार वृत्तपत्रं ६००, सांभाळणाऱ्याचं मानधन ३,०००, किरकोळ ३००. एकूण ४,५००, म्हणजे वर्षाला ५४,०००. त्यात नवी पुस्तकं १६,००० धरली की वर्षाचे ७०,००० झाले.

जमा: ८० सभासद, महिना २० रुपये, वर्षाला १९,२००. अभ्यासिकेत बसणारी १५ मुलं, महिना १०० रुपये, वर्षाला १८,०००. दिवाळी अंक योजनेत ६० जणांनी १५० रुपये भरले तर ९,००० येतात. अंकांवर ५,००० गेले, उरले ४,०००. चार वृत्तपत्रांचं वर्षाचं बिल चार घरांनी उचललं तर ७,२००. एकूण ४८,४००.

तूट २१,६०० रुपयांची. वर्षाला तीनशे रुपये देणारी ७२ घरं मिळाली की ती भरून निघते. आता चित्र बदललं. गावापुढे जाताना सत्तर हजारांचा डोंगर दाखवायचा नाही, बहात्तर घरं शोधायची.

अभ्यासिकेकडे नीट लक्ष द्या. पोलीस भरती, सैन्य भरती, बँक, राज्य लोकसेवा आयोग यांची तयारी करणारी पोरं शांत जागेसाठी बेळगावला खेटे घालतात. सांबऱ्याला तर हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र उशाशी आहे. गणवेशाची ओढ इथल्या मुलांना लहानपणापासून. दोन लांब टेबलं, चांगला उजेड, पिण्याचं पाणी आणि स्पर्धा परीक्षांची अलीकडची पुस्तकं एवढ्यावर अभ्यासिका चालते. नोकरीला लागलेला मुलगा पुढं देणगीदार होतो, तो वेगळा लाभ.

दिवाळी अंक योजनेचं गणित सोपं असलं तरी एक पथ्य पाळा. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात अंक भरभर फिरले पाहिजेत. एका घरी एक अंक चार दिवस, उशीर झाला तर रोज दोन रुपये. अंक कपाटात बसला की पुढच्या वर्षी निम्मे लोक पैसे भरत नाहीत.

कात्री कुठं लावायची

पैसे कमी पडले की चालक आधी वृत्तपत्रं बंद करतात, मग मानधन थांबवतात, मग वाचनालय ‘जमेल तेव्हा’ उघडतात. हा उलटा क्रम आहे. वृत्तपत्रासाठी रोज येणारा म्हातारा हाच वाचनालयाचा सर्वांत नियमित माणूस. तो यायचा थांबला की दार उघडायलाही कारण उरत नाही.

कात्री लावायची ती हार-तुरे, शाल-श्रीफळ, रंगीत निमंत्रणपत्रिका आणि फ्लेक्स यांना. पुस्तकं वर्षातून एकदा, प्रदर्शनात सवलतीच्या दरानं घ्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं स्वस्त असतात, शिवाय त्यातली बरीच त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. जुना संगणक असेल तर ही सोय अभ्यासिकेत करून द्या. वेळ कमी करायचीच असेल तर संध्याकाळचे दोन तास ठेवा, पण ते दोन तास पावसातही चुकू देऊ नका.

देवघेव रजिस्टर रोज भरा, अनुदान नसलं तरी भरा. २०११ साली इंग्लंडमधल्या स्टोनी स्ट्रॅटफर्ड या गावाचं वाचनालय बंद करायचं घाटत होतं. गावकऱ्यांनी मोर्चा काढण्याऐवजी आपापल्या कार्डावर मिळतील तेवढी पुस्तकं घरी नेली आणि सोळा हजार पुस्तकांची कपाटं रिकामी करून दाखवली. वाचनालय लागतं, याचा याहून भक्कम पुरावा कोणता? आपल्याकडे तोच पुरावा देवघेवीच्या वहीत असतो. ‘गेल्या वर्षी इतकी पुस्तकं घरी गेली, त्यातली इतकी मुलांनी नेली’ हे वाक्य देणगीच्या प्रत्येक अर्जात पहिलं असावं.

पट्टी गोळा करायची रीत गावाला येते

आपल्या भागात महालक्ष्मीची यात्रा ठरली की गल्लीवार पंच नेमतात, घरटी पट्टी ठरते, कोण किती देणार याची वही होते. हीच घडी वाचनालयाला वापरा. प्रत्येक गल्लीसाठी दोन माणसं नेमा, शक्यतो एक बाई आणि एक तरुण मुलगा. त्यांनी आपल्याच गल्लीत जायचं. अनोळखी माणूस वर्गणी मागतो तेव्हा लोक दार लोटतात. शेजारच्या वहिनी आल्या की चहा टाकतात.

मागताना रक्कम आणि वस्तू दोन्ही सांगा. ‘वर्षाला तीनशे’ किंवा ‘एका वृत्तपत्राचं वर्षाचं बिल अठराशे’. आई-वडिलांच्या स्मरणार्थ, मुलाच्या वाढदिवसाला, नोकरी लागली म्हणून, निवृत्त झालो म्हणून द्यायला लोक तयार असतात. वृत्तपत्राच्या टेबलावर ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी छोटी पट्टी लावली, तर पुढच्या वर्षी वेगळं मागावंही लागत नाही. सुगीचे पैसे हातात येतात तेव्हा जा, शाळा उघडायच्या जूनमध्ये जाऊ नका.

बाहेर असलेल्यांनाही विसरू नका. पुण्या-मुंबईला, सैन्यात, आखातात गेलेला प्रत्येक जण यात्रेला आणि गणपतीला गावी येतो. त्याच आठवड्यात वाचनालयाचं दार उघडं ठेवून दोन-तीन जणांनी बसावं. परदेशात असणाऱ्यांबाबत मात्र सावध राहा. भारतीय पासपोर्ट असलेल्याची स्वतःच्या बचतीतली देणगी बँकेमार्फत घेता येते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याकडून पैसे घ्यायचे तर संस्थेला परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी लागते. ती नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

संमेलन भरवणाऱ्या मंडळांशीही बोलून घ्या. ग्रंथदिंडी ज्या वाटेनं जाते, त्या वाटेवरच्या घरांना आठ दिवस आधी यादी द्यायची. पालखी दारात आली की ओवाळणीबरोबर यादीतलं एक पुस्तक पालखीत. संध्याकाळी ती पुस्तकं थेट दाखल रजिस्टरमध्ये चढवायची. पाहुण्यांना शालीऐवजी त्यांच्याच पुस्तकाचा संच वाचनालयासाठी विकत घेतला, तर लेखकही खूश होतात.

पत्र लिहायचं असेल तर असं लिहा:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या गावचं वाचनालय आठवड्यातले सहा दिवस संध्याकाळी उघडं असतं. गेल्या वर्षी … सभासदांनी … पुस्तकं वाचली, … मुलं अभ्यासिकेत बसली. वर्षाचा खर्च … रुपये, जमा … रुपये, तूट … रुपये. ही तूट भरून काढायला वर्षाला तीनशे रुपये देणारी … घरं हवी आहेत; आजवर … घरांनी होकार दिला आहे. आपलं घर त्यात असावं, ही विनंती. पावती मिळेल आणि वर्षअखेरीस छापील हिशेब घरपोच येईल.’

रिकाम्या जागा भरता आल्या नाहीत, तर पत्र पाठवायची घाई करू नका. आधी वह्या लावा.

पुस्तकं सगळीच घेऊ नयेत

‘पुस्तकं दान करा’ असं आवाहन केलं की मागच्या अभ्यासक्रमाची गाइडं, फाटकी मासिकं आणि वाळवी लागलेल्या पोथ्या येऊन पडतात. म्हणून यादी आधी लावा: कुठली पुस्तकं हवी आहेत, किती प्रती, किंमत किती. न लागणारं पुस्तक दुसऱ्या वाचनालयाला देण्याचा किंवा रद्दीत काढण्याचा अधिकार आमचा, हेही पाटीवर लिहा. आलेल्या गठ्ठ्याला महिनाभर वेगळं ठेवा, ऊन दाखवा, कीड नाही हे पाहा, मगच कपाटात लावा.

एक कप्पा आपल्या भागाचा करा. बेळगावच्या इंदिरा संत, लंपनच्या कथा लिहिणारे प्रकाश संत, कोवाडचे रणजित देसाई, निपाणीत पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्या लिहिणारे महादेव मोरे. या लेखकांचा पूर्ण संच जिथं मिळतो, त्या वाचनालयाकडे संशोधक येतात, पत्रकार येतात आणि देणगीदारही.

वाचनालयाला जागाच नसेल तर? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत शंभर पुस्तकांच्या पेट्या केल्या आणि त्या वाचकांच्या गटांत फिरवल्या. काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. पेट्या देणगीतून आल्या, सांभाळ वाचकांनी केला. सांबरा, निलजी, मुतगा, बाळेकुंद्री ही गावं एकमेकांना लागून आहेत. चार गावांनी चार पेट्या केल्या तर प्रत्येकाला चारशे पुस्तकं मिळाल्यासारखं आहे, आणि भाड्याचा प्रश्नच नाही.

मोठ्या देणगीसाठी कागद तयार ठेवा

गावच्या पट्टीनं रोजचा खर्च भागतो. कपाटं, छप्पर, संगणक यांना मोठी रक्कम लागते आणि ती देणारा माणूस कागद मागतो.

पहिला कागद नोंदणीचा. संस्था कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली नोंदलेली असावी आणि कार्यकारिणीची यादी व हिशेब दरवर्षी निबंधकांकडे गेलेले असावेत. खूप ठिकाणी नोंदणी आजोबांच्या काळातली असते आणि पुढं काहीच भरलेलं नसतं. ते आधी दुरुस्त करा.

मग आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी. ८०जी असेल तर देणगीदाराला करात सवलत मिळते, मात्र जुन्या करप्रणालीतच. दोन हजारांवरची रोख देणगी आणि वस्तुरूपानं दिलेली पुस्तकं यांना ती सवलत नाही, हे आधीच सांगा. देणग्यांचं विवरण दरवर्षी ३१ मेपर्यंत भरायचं असतं, त्यावरच देणगीदाराला प्रमाणपत्र मिळतं.

कंपन्यांच्या सामाजिक निधीतून (सीएसआर) मदत मिळू शकते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालय उभारणी स्पष्ट शब्दांत आहे. त्यासाठी १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ ही नोंदणी लागते. बेळगावात फाउंड्रीपासून मोठ्या कारखान्यांपर्यंत कंपन्या आहेत. अर्ज एका ठोस कामाचा करा, ‘अभ्यासिकेची वीस जणांची बैठक’ असा.

याहून जवळचा दरवाजा पतसंस्थांचा. अनेक पतसंस्था नफ्यातून धर्मादाय कामाला काही रक्कम ठेवतात. त्यांची वार्षिक सभा सप्टेंबरपर्यंत होते. सभेनंतर गेलात तर वाटप झालेलं असतं. मे-जूनमध्येच अध्यक्षांना भेटा.

केंद्राची राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही कोलकात्याची संस्था १९७२ पासून पुस्तकं, फर्निचर, बालविभाग यांना साहाय्य देते. पन्नास, पंचाहत्तर, शंभर अशी वर्षं पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयांसाठी वेगळी योजना आहे. आपल्या वाचनालयाची स्थापना कधीची, याचा लेखी पुरावा शोधून ठेवा. महाराष्ट्र सरकारच्या मराठी भाषाविषयक संस्थांकडून सीमाभागासाठी वेळोवेळी योजना येतात, त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवायला एक माणूस नेमा.

हिशेब भिंतीवर

पैशाच्या बाबतीत गाव पटकन रुसतं आणि रुसलेलं गाव परत येत नाही. म्हणून चार नियम.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच लावा, सचिवांच्या फोनचा नको. पावतीपुस्तकं छापील, क्रमांकाची, आणि कुणाकडे कुठलं पुस्तक दिलं याची नोंद. सभासदांची अनामत वेगळ्या खात्यात ठेवा. ती परत करायची रक्कम आहे, अडीनडीला वीजबिलात घालायची नव्हे. आणि महिन्याच्या पाच तारखेला मागच्या महिन्याची जमा, खर्च, शिल्लक एका कागदावर लिहून दारापाशी लावा. रद्दी विकून आलेले दोनशे रुपयेही त्यात दिसले पाहिजेत.

पहिल्या महिन्यात एवढं करा

पहिला आठवडा: घरपट्टीची पावती, दाखल रजिस्टर, देवघेव रजिस्टर आणि बँक पासबुक एका टेबलावर आणा, खर्चाचा कागद लिहा.

दुसरा आठवडा: पीडीओंना अर्ज द्या. नोंदणीचे कागद तपासून काय राहिलंय त्याची यादी करा.

तिसरा आठवडा: गल्लीवार माणसं नेमून पत्राची प्रत त्यांच्या हातात द्या. पहिली पाच पत्रं कार्यकारिणीच्या सभासदांच्याच घरी जाऊ द्या. ज्यांनी स्वतः तीनशे दिले नाहीत, त्यांना दुसऱ्याकडे मागता येत नाही.

चौथा आठवडा: जमेचा पहिला हिशेब दारावर लावा, मग तो कितीही छोटा असो. बहात्तरपैकी अकरा घरं आली असतील तर अकरा लिहा. उरलेल्या एकसष्टांचा शोध तिथूनच सुरू होतो, आणि कागद वाचणाऱ्यांपैकीच कुणीतरी बारावा असतो.